छताच्या पाण्याचा रेडिमेड फिल्टर: खान्देशातल्या बोअरसाठी घ्यावा का?

मे महिन्यात बोअर आटायला लागले की जळगाव, भुसावळ, फैजपूर, शिरपूरकडच्या हार्डवेअर दुकानांत एक वस्तू दर्शनी भागात लागते. सहा इंची पीव्हीसीचं, तीन-साडेतीन फुटी जाड नळकांडं, दोन्ही टोकांना रिड्यूसर, म्हणजे निमुळते जोड, आत खडी. वर छताचा पाईप जोडायचा आणि खालचं तोंड बोअरमध्ये सोडायचं, एवढाच त्याचा वापर. दुकानदार सांगतो, 'हे लावा, बोअर कधी आटणार नाही.' फिल्टर वाईट नाही, पण हा दावा खरा नाही. फिल्टर काय करतो, काय करू शकत नाही आणि आपल्या जमिनीत त्याचं नेमकं काय होतं, हे समजून घेतलं तर पैसे वाया जात नाहीत आणि बोअरही खराब होत नाही.

आधी वस्तू पाहू. ही रचना शेजारच्या मध्य प्रदेशात देवास फिल्टर म्हणून ओळखली जाते आणि बरीच वापरली जाते. नळकांड्याचे जाळीने तीन कप्पे केलेले असतात. एकात वाटाण्याएवढी बारीक, एकात मध्यम आणि एकात मोठी खडी असते आणि पाणी तिन्हींतून जातं. पंधराशे चौरस फुटांपर्यंतच्या छताला सहा इंची नळकांडं चालतं, त्याहून मोठ्या छताला आठ इंची लागतं. बाजारातल्या काही फिल्टरमध्ये एका कप्प्यात वाळू आणि एकात कोळसा भरलेला असतो आणि तो 'जास्त शुद्ध' म्हणून महाग विकला जातो. आमच्या मते हा प्रकार घेऊच नये. कारण साध्या हिशोबात दिसतं.

हजार चौरस फूट स्लॅब म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने सर कोसळली तर या छतावरून मिनिटाला सुमारे ७७ लिटर पाणी उतरतं. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या जलद वाळू गाळणीतून एका चौरस मीटरला मिनिटाला ८० ते १०० लिटर पाणी गाळलं जातं. सहा इंची नळकांड्याचं तोंड चौरस मीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही लहान. म्हणजे त्यातल्या वाळूतून त्या मापाने मिनिटाला दोन लिटरही जाणार नाहीत. वाळू जाडी घेतली आणि वरून पाण्याचा दाब आला तरी ७७ लिटरचा मेळ बसत नाही. मग पाणी जोडातून बाहेर फुटतं, नाहीतर छतावर तुंबतं, आणि प्लंबर येऊन जाळीच काढून टाकतो. कोळशाचा दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत लगदा होतो. फक्त खडीचा फिल्टर मात्र हे पाणी आरामात सोडतो. पाला, कचरा, चिमण्यांची पिसं, खरखरीत रेती तो अडवतो. चिकणमातीचा बारीक गढूळपणा आणि जंतू तो अडवत नाही. हे पाणी थेट पिण्यासाठी नाही, हे दुकानदाराने सांगायला हवं. बहुतेक जण सांगत नाहीत.

दुसरी मोठी उणीव 'फर्स्ट फ्लश'ची, म्हणजे पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढायच्या सोयीची. किटसोबत चार इंची पाईपचा तीन फुटी तुकडा आणि एंड कॅप मिळते. त्या तुकड्यात आठ लिटर पाणी मावतं. पण छत धुऊन निघायला पहिला दोन मिलिमीटर पाऊस तरी सोडून द्यावा लागतो. म्हणजे हजार चौरस फुटांना १८६ लिटर. आठ आणि एकशे शहाऐंशी यांतला फरक कुणालाही कळेल. खान्देशात तर हा फरक जास्तच भोवतो. एप्रिल-मेच्या वावटळींनी स्लॅबवर बोटभर फुफाटा साचतो, त्यात कबुतरांची विष्ठा आणि कडुनिंबाचा पाला. हे सगळं मृगाच्या पहिल्या सरीबरोबर थेट बोअरच्या तोंडाशी येतं. उपाय सोपा आहे. फिल्टरच्या आधी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावा, तिच्या खालच्या तोंडाला दोनशे लिटरचं टिपाड जोडा आणि टिपाडाला खाली बारीक नळ ठेवा. टिपाड भरलं की पाणी आपोआप फिल्टरकडे वळतं. दोन पावसांत आठवड्याचं अंतर पडलं तर टिपाड रिकामं करून ठेवायचं. एवढं जमत नसेल तर निदान टीला बॉल व्हॉल्व्ह लावा आणि पहिले दोन चांगले पाऊस तो उघडा ठेवा.

जोडणीत आणखी तीन गोष्टी नेहमी चुकतात. एक, फिल्टर दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात बसवतात. इथल्या ४५ अंशांच्या उन्हात पीव्हीसी दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतं आणि रिड्यूसरच्या जोडाशी तडकतं. उत्तरेच्या भिंतीला बसवा, नाहीतर वर पांढरा ऑइलपेंट मारा. दुसरी चूक म्हणजे सगळेच जोड सोल्युशन लावून पक्के करून टाकतात. मग फिल्टर धुवायला उघडताच येत नाही. दोन्ही टोकांना युनियन किंवा रबर रिंगचे जोड हवेत. पावसाळ्याआधी एकदा आणि मधे एकदा खडी काढून टोपलीत घालून धुवावी लागते, हे घेतानाच मान्य करावं. जाळीचंही पाहून घ्या. लोखंडी जाळी एका हंगामात गंजते, खडी खाली सरकते आणि शेवटी बोअरमध्ये पडते. जाळी स्टेनलेस स्टीलचीच हवी, विकत घेताना आत हात घालून बघा.

आता खरा मुद्दा. फिल्टर चांगला असला तरी खालची जमीन कशी आहे, यावर सगळं ठरतं आणि खान्देशात जमीन दोन तऱ्हांची आहे. धुळे, साक्री, पारोळा, चाळीसगावकडे खाली काळा खडक. तिथं बोअरला वरच्या मुरमापुरतंच केसिंग, म्हणजे भोकात बसवलेला पाईप, असतं, खाली उघडं भोक आणि पाणी खडकाच्या भेगांत. अशा बोअरला भेगा मोठ्या असतील तर तो छताचं पाणी पटापट घेतो, नसतील तर तोंडापर्यंत भरून उभा राहतो. हे आधीच ओळखता येतं. पाच हजार लिटरचा टँकर मागवून स्वच्छ पाणी बोअरमध्ये सोडायचं आणि दोरीला वजन बांधून पातळी बघत राहायची. तासा-दोन तासांत पातळी मूळ जागी आली तर फिल्टर लावण्यात अर्थ आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी वरच दिसलं तर तिथं पुनर्भरणाचा, म्हणजे जमिनीत पाणी मुरवण्याचा, खर्च करू नका, त्याऐवजी टाकी बांधा. ही चाचणी न करता फिल्टर विकणाऱ्या ठेकेदाराकडून काम करून घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तापीच्या काठचा गाळाचा पट्टा वेगळा. भुसावळ, रावेर, यावल, चोपडा, पुढे शिरपूर, शहादा. इथं वर चिकणमातीचे जाड थर, त्याखाली वाळू-गोट्यांचे थर, पुन्हा चिकणमाती. ट्यूबवेलला खालपर्यंत केसिंग असतं आणि वाळूच्या थरासमोर जाळीचे पाईप बसवलेले असतात. पाणी त्या जाळीतूनच आत येतं. याच जाळीतून आपण गढूळ पाणी उलटं ढकललं तर चिकणमाती बारीक वाळूत जाऊन बसते आणि ती परत निघत नाही. कॉम्प्रेसर मारून थोडं मोकळं होतं, पूर्ण होत नाही. म्हणून या पट्ट्यात चालू ट्यूबवेलमध्ये थेट पाणी सोडू नये. स्वच्छ छताचंही नाही, आणि अंगणाचं, शेताचं, नाल्याचं तर अजिबात नाही. गावात बंद पडलेले बोअर असतातच, त्यांपैकी एखादा निवडा. तो खराब झाला तरी नुकसान मर्यादित राहतं, आणि उघड्या बोअरमध्ये लेकरू पडायचा धोकाही संपतो.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण दुकानात याचा उल्लेखही होत नाही. धाब्यावरची पांढरी माती पावसाळाभर थोडी थोडी धुपत राहते. पहिलं पाणी सोडून दिलं तरी सप्टेंबरात पन्हाळीतून गढूळच पाणी पडतं. असं पाणी कुठल्याही बोअरमध्ये घालू नका. अंगणात पाच फूट खोल, गोट्यांनी भरलेला शोषखड्डा हाच त्यावर उपाय. पत्र्याचं छत मात्र स्लॅबपेक्षाही चांगलं. ते पाणी कमी पितं आणि लवकर स्वच्छ होतं.

नळकांड्याऐवजी बोअरभोवती खड्डा करून गाळणी बनवायची जुनी पद्धत आहे. खडकाच्या भागात आम्ही तीच आधी सुचवू. खड्डा दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल. केसिंगला खड्ड्याच्या तळाजवळच्या अर्ध्या मीटरमध्ये चार-पाच मिलिमीटरची छिद्रं, एक-दोन सेंटिमीटर अंतरावर. त्यावर नारळाचा काथ्या किंवा नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळायची. मग अर्धा मीटर मोठे गोटे, अर्धा मीटर खडी, अर्धा मीटर जाडी वाळू, आणि वर बारीक वाळू जमिनीच्या वीतभर खालपर्यंत. सगळं मिळून सुमारे अडीच ब्रास साहित्य लागतं. या खड्ड्याचा पृष्ठभाग चार चौरस मीटर. मघाचाच हिशोब लावला तर मिनिटाला तीन-चारशे लिटर पाणी वाळूतून गाळून जाऊ शकतं. जे नळकांड्याला जमत नाही ते इथं जमतं, कारण जागा आहे.

पण खड्डाही नीट झाला नाही तर बोअरचा घात करतो. काळ्या मातीत भिंती फुगतात आणि ढासळतात, म्हणून आत कोरड्या दगडांचं किंवा विटांचं बांधकाम हवं. केसिंग जमिनीच्या वर दीड फूट राहिलं पाहिजे आणि त्याला झाकण पाहिजे. भोवती पाळ घालावी, म्हणजे गोठ्याचं, मोरीचं पाणी आत शिरत नाही. संडासाची टाकी पन्नास फुटांच्या आत असेल तर हा खड्डा करूच नका. मोटर ओढायची वेळ येते तेव्हा तिकाटणं, म्हणजे तीन खांबांची घोडी, उभं करायला एका बाजूला पक्की जमीन लागते, ती आधीच सोडून ठेवा. वरची चार बोटं वाळू दर उन्हाळ्यात खरवडून बदलावी लागते. नाहीतर तिच्यावर चिकणमातीची पापडी धरते आणि पाणी वरूनच वाहून जातं. गाळाच्या पट्ट्यात चालू ट्यूबवेलच्या केसिंगला छिद्रं पाडणं हा मूर्खपणा आहे. बाहेरची बारीक माती आत येते आणि सबमर्सिबल पंपाचे आतले पंखे (इंपेलर) खाते.

आता फिल्टरच्या दाव्याकडे येऊ, कारण लोक त्याच्याकडून जी आशा धरतात ती खूप मोठी आहे. जळगावकडे वर्षाला साधारण ६५० मिलिमीटर पाऊस धरू. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवरून, वाया जाणारं वीस टक्के सोडून, सुमारे ४८ हजार लिटर पाणी मिळतं. पाच माणसांच्या घराला दिवसाला पाचशे लिटर लागतात. म्हणजे हे पाणी त्या घराला तीन महिने पुरेल. ही लहान गोष्ट नाही. आणि केळीच्या बागेत? पाच बाय पाच फुटांवर एकरात १,७४० च्या आसपास खोडं बसतात. ड्रिपने एका खोडाला दिवसाला १५ लिटर धरले तर एकराला २६ हजार लिटर. भर उन्हाळ्यात याहून जास्त. घराचं तीन महिन्यांचं पाणी बागेला दोन दिवस पुरत नाही.

हे दोन्ही आकडे एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवणं गरजेचं आहे. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. ज्या विहिरींवर मोट चालायची त्या कोरड्या पडल्या, मग बोअर आले, मग ते शेकडो फूट खोल गेले, आणि आता जुन्या विहिरींत कचरा टाकला जातो. ही हानी खरी आहे आणि ती बघून जीव तुटतो. पण ती एका घराच्या छताने झालेली नाही आणि एका घराच्या छताने भरूनही निघणार नाही. ज्याने फिल्टर लावला त्याने आपलं कर्तव्य संपलं असं समजू नये, आणि ज्याला परवडला नाही त्याने स्वतःला दोष देऊ नये. उपसा कुठं होतो ते पाहून उपाय ठरवले पाहिजेत. बागेत ओलाव्याप्रमाणे ड्रिपचे तास ठरवणं, पाऊस झाल्यावर मोटर खरोखर बंद ठेवणं आणि खोडांभोवती केळीच्याच पानांचं आच्छादन घालणं. एका खोडामागे रोज तीन लिटर वाचले तर एकराला दिवसाला पाच हजार लिटर वाचतात. दहा दिवसांत वर्षभराच्या छताइतकं पाणी जमिनीत राहतं, आणि त्याला फिल्टर लागत नाही. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या जुन्या सामाईक सिंचनात, पाणी किती आहे ते बघून पीक ठरायचं. तो हिशोब आपल्याकडे कुणी बाहेरून आणलेला नव्हता.

गाळाच्या पट्ट्याबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वाळूच्या थरात गेलेलं पाणी तुमच्या बोअरखाली थांबून राहत नाही, पसरतं. शेजारच्या मळ्यातला पंप ते आधी ओढू शकतो. शिवारासाठी ते चांगलंच आहे. पण मे महिन्यात स्वतःच्या घराला पाणी मिळावं एवढाच हेतू असेल तर पैसे फिल्टरऐवजी दहा हजार लिटरच्या झाकलेल्या टाकीत घाला, आणि टाकी भरून वाहणारं पाणी बंद बोअरकडे न्या.

शेतकऱ्याने पुनर्भरण करायचं तर छतापेक्षा जुनी कोरडी विहीर शंभरपट मोलाची. ती वरचा चिकणमातीचा थर आधीच ओलांडून गेलेली असते. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून जे काम झालं, त्यामागे हेच तत्त्व होतं. वरचा पिवळ्या मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून नाले रुंद आणि खोल करून पाणी त्याच्या खालच्या थराला भिडवायचं. विहिरीसाठी दोन टाक्या लागतात. पहिली दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. ती फक्त गाळ बसण्यासाठी, त्यामुळे रिकामी ठेवायची. दुसरी विहिरीपासून दोन-तीन मीटरवर, दोन मीटर खोल, गोटे-खडी-वाळू भरलेली. तिच्या तळातून चार इंची पाईप विहिरीत, काठाच्या आत फूटभर पुढे आलेला, म्हणजे बांधकामावर धार पडत नाही. पहिले दोन पूर सोडून द्यायचे. ज्या विहिरीचं पाणी कुणी पितं तिच्यात शेतातलं पाणी घालायचं नाही, युरिया आणि फवारणीची औषधं वाळूत अडत नाहीत.

सातपुड्याच्या पायथ्याचा गोट्यांचा पट्टा ही या सगळ्याची मोठी गाळणी आहे. सुकी, मोर, अनेर या नद्यांचं पाणी तिथं मुरतं आणि खालच्या बागांना मिळतं. वरचं जंगल विरळ झालं की डोंगरातून माती येते आणि या गोट्यांवर बसते, नळकांड्यातल्या खडीवर बसते तशीच. फरक इतकाच की ही खडी टोपलीत घालून धुता येत नाही. १९६९ मध्ये झालेलं यावल अभयारण्य अनेर आणि सुकीच्याच खोऱ्यांत आहे. त्याचं राखणं हा केळीच्या पाण्याचाही प्रश्न आहे. तापीचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ रोजी झाला, त्यात ३१.१३ टीएमसी पाण्याच्या वापराचं नियोजन आहे. ते काम होईल तेव्हा होवो, विहिरीतला कचरा काढायला त्याची वाट पाहायची गरज नाही.

घ्यायचाच असेल तर खडकाच्या भागात, टँकरची चाचणी पास झाल्यावर, फक्त खडीचा, स्टीलच्या जाळीचा, उघडता येणारा फिल्टर घ्या, आणि टिपाडाचा खर्च त्यातच धरा. ठेकेदाराकडून फिल्टर, पाईप, जोड आणि मजुरी यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. छत मोठं आणि बोअर लांब असेल तर फिल्टरपेक्षा पाईपचाच खर्च जास्त होतो. पावसाळ्यात पाणी चालू असताना एकदा परत येऊन जोड तपासून देईन, हेही त्याच्याकडून कबूल करून घ्या. काम झाल्यावर बोअरची पातळी वर्षातून दोनदा मोजा, ऑक्टोबरात आणि मेमध्ये, मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी. एकट्या बोअरचा आकडा शेजाऱ्याच्या पंपाने हलतो. शिवारातल्या आठ-दहा विहिरी एकाच दिवशी मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिल्या, तरच काम लागू पडलं की त्या वर्षी पाऊसच चांगला झाला, हे कळतं.